तोंडची वाफ

मी सिनेमांची संकलक आहे. दुसऱ्यांनी शूटिंगच्या वेळी घातलेले घोळ निस्तरणं हा माझा धंदा. एका शॉटमध्ये नटाच्या हातात कप आहे आणि पुढच्यात नाही, तर तो कप कुणाच्या लक्षात न येता गायब करायचा. त्यामुळे मला सिनेमा बघताना मजा येत नाही, फक्त चुका दिसतात. आई म्हणते, "हिला लग्नाचा अल्बम दिला तरी आधी कुणाचे डोळे मिटलेत ते बघेल." खरं आहे. डोळे मिटलेले असतातच कुणाचे तरी.

'मेलो तरी हजर' हा सिनेमा आम्ही आठ वर्षांपूर्वी केला. आम्ही म्हणजे मी आणि माझा कॉलेजातला मित्र. जाड भिंगांमुळे सगळे त्याला ढापण्या म्हणायचे. दिग्दर्शक झाला तरी म्हणतातच, आणि त्यानेही ते कधी मनाला लावून घेतलं नाही. गोष्ट अशी की एका कारखान्यातली सगळी माणसं मरतात आणि दुसऱ्या दिवशी सवयीने कामावर येतात. साहेबांना फरकच कळत नाही. पैशांची अशी बोंब होती की मुडद्यांची कामं करायला माणसं आणणं परवडत नव्हतं. ज्याला दोन पाय आहेत त्याने तोंडाला राखाडी रंग फासून चालायचं, असा ढापण्याने हुकूम काढला. मेकअपवाला, चहावाला, ढापण्याची मावशी, मी, झाडून सगळे मुडदे झालो. आणि माझे बाबा.

बाबा शिंपी. तेव्हा नुकतंच दुकान बंद करून घरी बसले होते आणि आईचं डोकं खात होते, म्हणून मी त्यांना कपडेपट सांभाळायला नेलं. त्यांनी मुडद्यांचे कपडे एकेकाचं माप घेऊन शिवले, आणि मग ढापण्याने ते फाडायला सांगितले. बाबा कात्री हातात घेऊन नुसते बघत राहिले. "शिवायलाही तूच सांगणार आणि फाडायलाही तूच? तुमच्या धंद्याला काही बूड आहे का रे?" शेवटी फाडले, पण शिवणीवरच. कापडाला धक्का लावला नाही.

त्यांचं हृदय तेव्हाच कमजोर होतं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं की फार आशा ठेवू नका, दिवाळं वाजलंय. अगदी याच शब्दांत नाही, पण अर्थ तोच. 

सिनेमाचा पहिला सीन एकाच लांबलचक शॉटचा आहे. थंडीतली पहाट, धुकं, कारखान्याचं गंजकं फाटक, फाटकाशी दगडी पायऱ्या. हजेरीच्या यंत्रासमोर मुडद्यांची रांग लागलेली. बाबा रांगेतून पुढे सरकताना पायरीला अडखळतात आणि तोंडावर आपटतात. रांग थांबते. कुणी हात देत नाही, मुडदेच ते. बाबा तसेच पडून राहतात, चांगला बराच वेळ. मग हळूहळू उठतात, आणि उठल्यावर सगळ्यांत आधी काय करतात, तर वाकून पँटची इस्त्री बघतात. घडी चिमटीत धरून सरळ करतात, गुडघ्यावरची धूळ झटकतात आणि निमूटपणे रांगेत लागतात.

हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं. कॅमेऱ्यामागे ढापण्या तोंडात रुमाल कोंबून हसत होता. 'कट' म्हटल्यावर आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा ओशाळून म्हणाले, "अरे, पाय खरंच सटकला." ऊन वर आल्यामुळे दुसरा टेक झालाच नाही.

सिनेमा साफ आपटला. त्यानंतर कित्येक वर्षांनी कॉलेजातल्या पोरांना तो इंटरनेटवर कुठे तरी सापडला आणि त्यांनी डोक्यावर घेतला. 'पायरीवाले काका' म्हणून बाबांचा तो तुकडा फोनाफोनांतून फिरायला लागला. या हिवाळ्यात एका फिल्म क्लबने मोठ्या पडद्यावर खेळ ठरवला. आधी सिनेमा, मग पहिल्या सीनची मी चिरफाड करायची, आणि शेवटी पायरीवाल्या काकांना स्टेजवर बोलवायचं.

बाबांना काय आनंद झाला म्हणून सांगू! कपाटातून ठेवणीतलं कापड काढून त्यांनी स्वतःसाठी पँट शिवायला घेतली. मशीनचा खडखडाट दिवसभर. आई मात्र खूष नव्हती. "नेलंच पाहिजे का त्यांना?" असं तिने मला दोनदा विचारलं. गर्दी, थंडी, वय, असं काहीबाही कारण सांगत होती.

एका दुपारी मी माझ्या खोलीत भाषणाच्या तयारीला बसले. सुरुवात विनोदाने करायची असं ठरवलं होतं. त्या सीनमधली सगळ्यांत मोठी चूक पोरांनी केव्हाच पकडली होती: थंडीमुळे सगळ्या मुडद्यांच्या तोंडातून वाफ येते. मेलेली माणसं मजेत श्वास घेतायत. तेव्हा ती वाफ पुसून काढायला ना पैसे होते ना वेळ. म्हटलं, चित्र थांबवून प्रत्येकाच्या वाफेभोवती लाल गोल काढावा, लोक हसतील.

मेकअपवाल्याची वाफ, गोल काढला. मावशींची. चहावाल्याची तर इंजिनासारखी. माझी स्वतःची, अगदी कडेला. बाबांची, पायरी चढण्याआधी, नाकातून दोन बारीक रेघा. मग बाबा पडतात. मग उठतात.

उठल्यानंतरची वाफ मला सापडेना.

मला काही विशेष वाटलं नाही. प्रकाशाची दिशा बदलली की वाफ दिसत नाही. पण बाबांच्या पुढचा आणि मागचा, दोघांच्या वाफा स्पष्ट दिसत होत्या, प्रकाश तोच. तोंड मिटलं असेल म्हणावं, तर घडी सरळ करताना त्यांचं तोंड उघडं आहे, मोठं करून बघितलं तर दातही दिसतात. पडल्यावर माणूस धापा टाकतो. मी एकेक चित्र पुढे सरकवत सीनच्या शेवटापर्यंत गेले. काही नाही. फोकस तपासला, रंग गडद-फिके करून बघितले. काही नाही.

मग शूटिंगच्या दिवशी कुणी तरी सहज घेतलेलं चित्रण काढलं. पॅकअप झालंय, सगळे घोळका करून चहा पितायत आणि बोलतायत, प्रत्येकाच्या शब्दाबरोबर तोंडातून धूर निघतोय. बाबा मधोमध उभे, हातवारे करून सांगतायत, "अरे, पाय खरंच सटकला." त्यांच्या ग्लासातून वाफ येतेय. तोंडातून नाही.

बाहेरच्या खोलीतून मशीनचा आवाज येत होता. मी तो ऐकत बसून राहिले.

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण चुका शोधायची सवय एकदा लागली की ती घरातही सुटत नाही. बाबांचा जुना खोकला त्या हिवाळ्यानंतर मी ऐकला नव्हता. जिने ते सहज चढत होते. डॉक्टरांकडे जायचा विषय निघाला की आई काही तरी निमित्त काढून टाळायची, आणि मला वाटायचं, खर्चाला घाबरते. इतकी वर्षं मी सगळ्यांना कौतुकाने सांगत होते की डॉक्टरांनी हात टेकले होते, पण आमचे बाबा बघा कसे ठणठणीत आहेत.

मी स्वयंपाकघरात गेले. आई बटाटे सोलत होती. मी दार लोटून घेतलं तसं तिने वर बघितलं, आणि माझ्या चेहऱ्यावरूनच तिला समजलं.

"कसं कळलं?" तिने विचारलं.

"सिनेमात दिसतंय. पडल्यानंतर वाफ नाही." मी आवाज खाली आणला. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"त्याच रात्रीपासून. घोरणं ऐकू येईना. म्हटलं, सुटले बाई एकदाची! मग मेलं त्या शांततेत मलाच झोप लागेना. छातीवर हात ठेवून बघितला." तिने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "सकाळी उठले आणि म्हणाले, चहा टाक."

"मग?"

"मग काय? टाकला."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. आई हळू आवाजात बोलत होती, पण हात थांबला नव्हता.

"आठ वर्षं, आई?"

"संसार म्हणजे आणखी काय असतं गं? माणूस समोर बसतं, भांडतं, भाजीला मीठ कमी म्हणतं. मला तेवढं पुरतं. मी कुणाला विचारायला गेले नाही, आणि तूही जाऊ नकोस. उगाच तोंडची वाफ दवडू नकोस कुणापाशी." तिने दाराकडे बघितलं. "त्यांना माहीत नाही. आणि कळता कामा नये."

"कळलं तर काय होईल?"

"एकदा कळता कळता राहिलंय. तू तेव्हा कामासाठी बाहेरगावी होतीस. चष्मा पुसायला त्यांनी काचेवर तोंडाने 'हाऽ' केलं. काचेवर काही धरेना. पुन्हा केलं, पुन्हा केलं. मग चष्मा हातात धरून तसेच खुर्चीत बसून राहिले. मी हाका मारतेय तर ओ नाही. बोटं कडक व्हायला लागली होती गं. डोळ्यांवर साय आल्यासारखं झालं." आईचा सोलणारा हात पहिल्यांदा थांबला. "मी पटकन त्यांची पँट आणून टराटरा फाडली, त्यांच्यासमोर. म्हटलं, अहो, बघा काय झालं माझ्या हातून! तर हळूच म्हणाले, 'काय बाई आहे ही, आण इकडे, शिवून देतो.' संध्याकाळपर्यंत शिवत बसले. मग जेवले."

बाहेर मशीन थांबली. आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या राहिलो. मशीन पुन्हा सुरू झाली.

मी ढापण्याला फोन केला. म्हटलं, बाबांना बरं नाही, आम्ही येत नाही, खेळ हवा तर तू कर.

"वेड लागलंय का तुला? आत्ताच काकांशी बोललो मी, म्हणाले पँट तयार आहे!" तो ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हता. "आणि हे ऐक, एका पोराने भारी प्रश्न टाकलाय. सगळे मुडदे वाफ सोडतात, एकटे काका सोडत नाहीत, ते कसं? पोरं म्हणतायत, काय अभिनय आहे! मी ठरवलंय, आपण चित्र पडद्यावर थांबवायचं आणि काकांनाच विचारायचं, काका, तुम्ही श्वास रोखला कसा?"

मी त्याला समजावलं, रागावले, गयावया केली. खरं कारण सांगता येत नव्हतं आणि खोटं त्याला पटत नव्हतं. शेवटी मी विचारलं, मोठ्या पडद्यासाठी प्रत कोण तयार करतंय? म्हणाला, तू आणखी कोण.

म्हणजे उपाय माझ्याच हातात होता. आयुष्यभर केलेलं कामच करायचं होतं. एका माणसाच्या तोंडासमोर वाफ ठेवायची, आणि ती आठ वर्षं तिथेच होती असं दिसू द्यायचं. त्या पोराचं म्हणणं मग आपोआप पडलं असतं. लोक म्हणाले असते, आधीची प्रत खराब होती.

नवी वाफ तयार करून बघितली. ती खोटी वाटत होती, पिठासारखी. खरी हवी होती, त्याच पहाटेची, त्याच थंडीतली. मेकअपवाल्याचं तोंड उलट्या बाजूला. मावशी बुटक्या, त्यांची वाफ बाबांच्या छातीशी आली असती. चहावाल्याची फारच जोरकस. राहिले मी. मी कडेला उभी आहे, बाबांच्याच उंचीची, तोंड त्याच दिशेला, आणि सगळ्या सीनभर माझा श्वास एकसारखा चाललेला. बाबांच्या अंगावर तो मापाने शिवल्यासारखा बसला.

नक्कल ठेवून चालणार नव्हतं. एकाच आकाराची वाफ दोन तोंडांपुढे दिसली असती तर त्या पोरांनी लगेच पकडली असती. म्हणून मी ती माझ्या तोंडापुढून काढून घेतली. कडेच्या बाईकडे कोण बघतंय?

एकेका चित्रातून उचलायची, बाबांपुढे ठेवायची, माझ्यापुढचं धुकं सारखं करायचं. दोन दिवस तेच. बारीक काम करताना मी श्वास रोखून धरते, ही माझी जुनी खोड. शेवटचं चित्र झालं तेव्हा पाठ मोडून गेली होती, पण दम लागला नव्हता. आईला दाखवलं. ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "अगदी तेव्हाचे दिसतायत." मी कुठे उभी आहे ते तिने बघितलं नाही.

खेळ दुपारचा होता. हॉल गच्च भरलेला. बाबा नव्या पँटमध्ये पहिल्या रांगेत, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मी. पहिला सीन सुरू झाला. बाबा पडले, हॉल हसला. बाबा उठले, घडी सरळ केली, आणि त्यांच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली. माझी छाती एवढी हलकी झाली की मी डोळे मिटून घेतले.

सिनेमा संपल्यावर ढापण्याने ते चित्र थांबवलंच. मग पडद्यासमोर जाऊन चष्मा वर करून बघत राहिला. "अरे, आहे की वाफ! कुठला तो शहाणा?" पोरं ओरडली, शिट्ट्या पडल्या. प्रश्न तिथेच विरला.

बाबा मात्र हसत नव्हते. पुढे झुकून पडद्याकडे बघत होते. मापं घेताना बघायचे तसे.

आईने माझा हात घट्ट धरला.

"काय झालं, बाबा?" मी विचारलं.

"माझी आहे," ते म्हणाले. "सगळ्यांची आहे." मग त्यांनी पडद्याच्या कडेला बोट दाखवलं. "तुझी कुठंय गं?"

"मी तोंड मिटलं होतं," मी म्हटलं.

"असेल." त्यांनी मान डोलावली, पण बोट खाली घ्यायला थोडा वेळ लावला.

मग त्यांना स्टेजवर बोलावलं. ते सांगत होते, "अरे, पाय खरंच सटकला," आणि लोक हसून हसून बेजार होत होते.

बाहेर आलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. थंडी कडाक्याची पडली होती. टॅक्सीची वाट बघत आम्ही पायऱ्यांवर उभे होतो. बाबा एकदम खोकले.

आई दचकली. मीही.

बाबा पुन्हा खोकले, वाकून, जुना ओला खोकला. तोंडातून वाफेचा मोठा लोट निघाला. "काय मेली थंडी आहे!" ते म्हणाले, आणि त्या शब्दांनाही वाफ होती. "किती वर्षांत अशी वाजली नव्हती."

आईने त्यांच्या छातीवर हात ठेवला, भर रस्त्यात, लोकांसमोर. हात तसाच ठेवून ती रडायला लागली. "अगं, लोक बघतायत," बाबा म्हणाले. तिने ऐकलं नाही. तिच्या हुंदक्यांची वाफ आणि बाबांची वाफ एकमेकांत मिसळत होती.

मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले. हसता हसता काही तरी बोललेही.

आईने माझ्याकडे वळून बघितलं. तिचं रडणं थांबलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. मग फार मायेने, मी लहान असताना बोलायची तशी, "चल, टॅक्सी आली. तू पुढे बस."

मी ड्रायव्हरशेजारी बसले. मागे ते दोघं. बाबा खोकत होते, आई त्यांची पाठ चोळत होती, दोघं काही तरी कुजबुजत होती. मागच्या काचा धुरकटल्या. ड्रायव्हर हाताने आपल्या बाजूची काच पुसायचा आणि ती लगेच पुन्हा धुरकट व्हायची.

"तुमच्या बाजूला बरंय, ताई," तो म्हणाला. "पुसावी लागत नाही."